शेक किती दिला?

भूम-परंड्याकडच्या एखाद्या वाडीत कॅन्सरच्या पेशंटची चौकशी करायला गेलं आणि उपचार कुठवर आले असं विचारलं, तर उत्तर येतं, ‘बार्शीला शेक चालू हाय.’ कुणी ‘लाईट देत्यात’ म्हणतं, कुणी ‘करंट’. केसपेपरवरचा रेडिओथेरपी हा शब्द घरापर्यंत क्वचितच पोचतो. शेक मात्र ओळखीचा. बाळंतिणीला शेक देतात, दुखऱ्या गुडघ्याला विटेचा शेक देतात, तसाच हा मोठ्या मशीनचा.

या शेकाची ऊब मात्र लागत नाही. बाई टेबलावर आडवी होते. तंत्रज्ञ तिच्या पोटावरच्या शाईच्या खुणा प्रकाशाच्या रेषांशी जुळवतो, बाहेर जातो, जाड दार बंद होतं. मिनिट-दीड मिनिट मशीनची घरघर, मग दार उघडतं. ‘झालं?’ ‘झालं.’ तेवढ्यात तिच्या ओटीपोटाला त्या दिवसाचा डोस मिळालेला असतो, बहुधा २ ग्रे. त्याने तिथलं तापमान वाढतं एका अंशाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाने. तेवढी ऊब कुठल्याच हाताला कळणार नाही.

दुसरा हिशेब याहून चक्रावणारा आहे. सत्तर किलोच्या माणसाच्या सर्वांगाला एकाच वेळी ४ ग्रे किरण लागले आणि उपचार मिळाले नाहीत, तर अशा माणसांपैकी साधारण निम्मी दगावतात. या ४ ग्रेमध्ये ऊर्जा असते अवघी २८० ज्यूल. साठ अंशांचा अर्धा चमचा चहा पोटात गेला की तो शरीराला जवळपास तेवढीच उष्णता देतो. चहाने माणूस मरत नाही, कारण त्याची ऊब सगळीकडे सारखी पसरते. किरणांची ऊर्जा मोजक्या ठिकाणी, टोचल्यासारखी उतरते. अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवले जातात, ते पुढच्या अणूंवर आदळतात आणि पेशीतल्या डीएनएचे धागे तुटतात. कॅन्सरच्या पेशीला हे तुटलेले धागे निरोगी पेशीइतके नीट सांधता येत नाहीत. सगळा किरणोपचार या फरकावर उभा आहे.

ऊर्जा इतकी थोडी आणि परिणाम एवढा मोठा असला की ‘किती’ हा प्रश्न अवघड होतो. एक किलो वस्तूत किरणांची एक ज्यूल ऊर्जा मुरली की तो १ ग्रे. हे एकक १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालं आणि त्याला लुई हॅरल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं नाव देण्यात आलं. व्याख्या एका ओळीत मावते. तो एक ज्यूल बाईच्या ओटीपोटात मुरला हे बाहेर बसून ओळखायचं कसं, याचं उत्तर काही एका ओळीत मावत नाही.

पाच टक्क्यांची गल्ली

बार्शी सोलापूर जिल्ह्यात मोडते, पण धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांना ती जवळची. तिथलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल या भागाला परिचित आहे. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये इथेच सुरू झाली. बार्शी, भूम आणि परंडा या तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. शहरात रुग्ण दवाखान्यात येतो आणि नोंद होते. इथे उलटं करावं लागलं. कार्यकर्ते गावोगाव गेले, अंगावरून अवेळी रक्त जाणं म्हणजे काय असू शकतं हे लोकांना सांगितलं, संशयित रुग्णांना तपासणीला आणलं. बायकांच्या कॅन्सरमध्ये त्या काळी गर्भाशयमुखाचा कॅन्सर सगळ्यांत वर होता.

पुढे १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँ इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं ते काम. डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. बी. एम. नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री ही त्यातली प्रमुख नावं. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात आल्या. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही या विषाणूची चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. ज्यांची अशी तपासणी झाली नव्हती, त्या साधारण तेवढ्याच मोठ्या गटात ६४. उस्मानाबाद हे नाव त्या लेखामुळे जगभरच्या डॉक्टरांच्या तोंडी आलं.

चाचणी रोग शोधून देते. तो बरा करण्याचं काम शस्त्रक्रियेचं आणि किरणांचं. गाठ आसपास पसरली असेल तर बहुतेक भार किरणांवरच. बाहेरून रोज २ ग्रे असे पंचवीस दिवस, म्हणजे ५० ग्रे, ही अशा वेळची एक नेहमीची पद्धत. त्यानंतर किरणोत्सारी स्रोत काही मिनिटांसाठी थेट गर्भाशयाच्या मुखाशी नेऊन आतून डोस द्यायचा. या मुखाच्या पुढे मूत्राशय आणि मागे मलाशय, दोन्ही अगदी खेटून. डोस चढला तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी लघवीतून किंवा शौचातून रक्त जाऊ लागतं. कमी पडला तर गाठीतल्या काही पेशी तगतात आणि रोग परततो. जगभरच्या तज्ज्ञांच्या समितीने १९७६ मध्ये या दोन भिंतींमधली गल्ली आखून दिली: ठरलेला डोस आणि प्रत्यक्ष पडलेला डोस यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक नको. काही गाठींच्या बाबतीत डोसमध्ये पाच टक्के फरक पडला तर बरं होण्याचं प्रमाण दहा-वीस टक्क्यांनी हलतं.

या दोन चुकांतली कमी पडण्याची चूक फार लबाड. जास्त डोसची जखम दिसते आणि कुणीतरी विचारतं, हे कशाने झालं? कमी डोसची तक्रार येत नाही. रोग परत आला की ‘रोगच वाईट होता’ म्हणून घरचे कपाळाला हात लावतात. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट इथे १९८२ ते १९९१ अशी जवळपास दहा वर्षं सुमारे एक हजार रुग्णांना ठरल्यापेक्षा कमी डोस मिळत राहिला. अंतरासाठीची दुरुस्ती संगणक आपोआप करत होता आणि कर्मचारी तीच दुरुस्ती हाताने पुन्हा करत होते. दोघांचंही गणित आपापल्या जागी बरोबर होतं.

पाऊण मिलिग्रॅम हवा

रोंटगेनने क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये, आणि वर्षभरातच डॉक्टर ते रोगांवर वापरू लागले. तेव्हाचं माप म्हणजे रुग्णाचीच कातडी. ती लाल झाली की डोस पुरे. गोऱ्या आणि सावळ्या कातडीत फरक, सकाळच्या आणि संध्याकाळच्या नजरेतही फरक. नंतर किरणांनी रंग बदलणाऱ्या छोट्या गोळ्या निघाल्या. खरी सुधारणा हवेमुळे झाली.

किरण हवेतून गेले की हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि एरवी वीज न वाहणारी हवा थोडी वीज वाहू लागते. ती वीज गोळा केली की किरणांचं मोजमाप हाती येतं. आपल्याला मात्र हवेतला डोस नको, शरीरातला हवा. इथे पुन्हा ग्रेच मदतीला आले. पाण्यात किंवा शरीरासारख्या पदार्थात हवेची अगदी लहान पोकळी ठेवली, तर त्या पोकळीत जमलेल्या विजेवरून सभोवतालच्या पदार्थात किती ऊर्जा मुरली हे काढता येतं, असं त्यांनी १९३६ मध्ये दाखवलं.

आज जवळपास प्रत्येक किरणोपचार केंद्राच्या कपाटात मिळणारं उपकरण या कल्पनेवर चालतं. इंग्लंडच्या न्यूकॅसलमधले भौतिकतज्ज्ञ फ्रँक फार्मर यांनी १९५५ मध्ये त्याचा आराखडा मांडला, म्हणून त्याला फार्मर चेंबर म्हणतात. दिसायला ते पेनासारखं. टोकाशी करंगळीच्या पेरापेक्षाही बारीक नळी, भिंत ग्रॅफाइटची, म्हणजे पेन्सिलीत असतं त्याच पदार्थाची, आणि ती जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. मधोमध अॅल्युमिनियमची मिलिमीटरभर जाडीची काडी. भिंत आणि काडी यांच्यामध्ये असते ०.६ घनसेंटिमीटर हवा. तिचं वजन केलं तर पाऊण मिलिग्रॅमही भरणार नाही.

मोजणी सहसा शेवटचा रुग्ण घरी गेल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी होते. पारदर्शक प्लॅस्टिकची तीस सेंटिमीटर लांब-रुंद-उंच टाकी टेबलावर ठेवतात आणि पाण्याने भरतात. माणसाचं शरीर बहुतांशी पाणीच, म्हणून ही टाकी म्हणजे पोटाची उसनी प्रतिकृती. चेंबर पाण्यात ठरलेल्या खोलीवर, सहसा दहा सेंटिमीटरवर, आडवं बसवायचं. खोली मिलिमीटरमध्ये तपासायची. पाण्याच्या पातळीकडे वरून पाहिलं तर डोळा फसतो, म्हणून खाली बसून, नजर पाण्याच्या रेषेत आणून वाचायचं. मग झोताची चौकट दहा बाय दहा सेंटिमीटर करून मशीन सुरू.

चेंबरवर तीन-चारशे व्होल्टचा दाब असतो. सुटलेले इलेक्ट्रॉन काडीकडे ओढले जातात आणि लांब तारेवाटे बाहेरच्या इलेक्ट्रोमीटरपर्यंत येतात. १ ग्रे डोससाठी जमणारा विद्युतभार साधारण वीस नॅनोकूलॉम. मोबाइल चार्ज होताना तारेतून एका सेकंदात जेवढा भार वाहतो, त्याच्या काही कोटी भागांतला एक भाग म्हणा. तो एक टक्क्याच्या आत मोजायचा. पुन्हा व्होल्टची दिशा उलटी करून मोजायचा. व्होल्ट निम्मे करूनही मोजायचा, कारण थोडे इलेक्ट्रॉन वाटेतच पुन्हा अणूंना जाऊन चिकटतात आणि त्यांचाही हिशेब ठेवावा लागतो.

बालाघाटावरचा दाब

फार्मर चेंबरला बाहेरच्या हवेशी जोडणारी बारीक वाट असते. त्याच्या पोटातली हवा म्हणजे त्या दिवशीची, त्या गावची हवा. आणि गावागणिक हवा बदलते.

चेंबरचं प्रमाणपत्र ज्या हवेसाठी दिलेलं असतं ती आहे वीस अंश तापमानाची आणि समुद्रसपाटीच्या दाबाची, म्हणजे १०१३ हेक्टोपास्कल. मुंबईत दाब साधारण तेवढा असतो. बार्शी समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि बालाघाटाच्या पठारावरचं धाराशिव साडेसहाशे मीटरच्या आसपास. बार्शीत दाब उतरतो साधारण ९५० हेक्टोपास्कलवर, धाराशिवला आणखी थोडा खाली. तीच नळी, तेच मशीन, तेवढेच किरण; पण नळीत हवा सहा टक्के कमी, म्हणून वीजही सहा टक्के कमी.

त्यात मे महिना. एसी बंद पडला आणि टाकीतलं पाणी तीस अंशांवर गेलं, तर हवा प्रसरण पावून आणखी विरळ होते आणि मोजणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास घसरते. उंची आणि उन्हाळा मिळून दहा टक्क्यांचा फरक. गल्ली पाच टक्क्यांची, आणि दहा टक्के नुसत्या हवेतच गेले.

या चुकीची दिशा ध्यानात घ्यायला हवी. चेंबरने कमी आकडा दाखवला की भौतिकतज्ज्ञाला वाटतं, मशीन कमी किरण देतं आहे. तो उपचाराची वेळ वाढवतो. मशीन मात्र मुळात बरोबर असतं. म्हणजे रुग्णाला दहा टक्के जास्त डोस, तोही रोज, पंचवीस दिवस.

म्हणून कपाटात चेंबरशेजारी वायुदाबमापक असतो आणि टाकीत थर्मामीटर. टाकी भरल्यावर लगेच मोजत नाहीत. पाणी, चेंबर आणि खोली यांचं तापमान एक होईपर्यंत थांबतात, त्यासाठी पाणी काही तास आधीच भरून ठेवणारेही आहेत. दाब कुठून घ्यायचा हाही प्रश्न असतो. हवामान खात्याच्या बातमीतला आकडा सोपा वाटतो, पण निरनिराळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी म्हणून तो बहुधा समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. नकाशा काढायला तो बरोबर, चेंबरला चुकीचा. उंचावरच्या रुग्णालयात असा आकडा वापरल्याने रुग्णांना जास्त डोस गेल्याची घटना आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अपघातांच्या नोंदींत आहे. बालाघाटावर काम करणाऱ्या भौतिकतज्ज्ञाने स्वतःच्या खोलीतला दाब स्वतः वाचायचा असतो.

माप कुणाचं खरं?

चेंबर नुसती वीज दाखवतं. वीस नॅनोकूलॉम म्हणजे १ ग्रे, हे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. बाजारातल्या वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तसा चेंबरवरचा शिक्का मुंबईत ट्रॉम्बेला मारला जातो. भाभा अणुसंशोधन केंद्रातली प्रमाण प्रयोगशाळा १९७६ पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रयोगशाळांच्या साखळीत आहे. देशभरातल्या रुग्णालयांची चेंबरं ठरावीक मुदतीनंतर तपासणीला पाठवली जातात. तिथे कोबाल्टच्या माहीत असलेल्या झोतात ती ठेवतात आणि प्रत्येक चेंबरला त्याचा गुणक मिळतो. ट्रॉम्बेचं माप पुढे जोडलेलं आहे पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या आंतरराष्ट्रीय मापन कार्यालयाशी.

आणि या साखळीच्या उगमाशी काय आहे? ऊब.

प्रगत प्रयोगशाळांत ग्रेचं मूळ माप उष्णतामापकाने ठरवतात. कुठे ग्रॅफाइटचा तुकडा, कुठे पाणी, त्यात किरण सोडायचे आणि ते किती तापलं हे पाहायचं. १ ग्रेने पाणी तापतं एका अंशाच्या साधारण चार हजाराव्या भागाने. ते अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेने मोजायचं म्हणजे लाखाव्या भागाच्याही पलीकडचा फरक ओळखायला हवा. पाण्यात जरा जरी प्रवाह उठला तरी सगळं गेलं. म्हणून पाणी चार अंशांवर थंड ठेवतात. तिथे ते सर्वाधिक दाट असतं आणि तापमानात किंचित फरक पडला तरी वर-खाली वाहत नाही. खेड्यातली माणसं ज्याला शेक म्हणतात, त्याचं जगातलं मूळ माप खरोखर शेकच मोजून ठरतं. त्यासाठी लागणारा हात मात्र अंशाचा लाखावा भाग ओळखणारा हवा.

चेंबरवर शिक्का असला तरी ते वापरणारा चुकू शकतो. त्यासाठी टपालाने येणारी परीक्षा आहे. ट्रॉम्बेहून रुग्णालयाच्या नावे एक छोटं पाकीट येतं. आत बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या कुप्या आणि कुप्यांत पांढरट पावडर. रुग्णालयाने आपल्या हिशेबाने कुपीला पाण्यात ठरलेला डोस, सहसा २ ग्रे, द्यायचा आणि पाकीट परत करायचं. एक-दोन कुप्यांना हातही लावायचा नाही. वाटेतल्या किरणोत्साराचा हिशेब त्यांच्यावरून होतो. अणुऊर्जा संस्थेने जगभर ही टपाली तपासणी १९६९ मध्ये सुरू केली, भाभा केंद्राने भारतात १९७६ पासून.

पावडर साधी नसते. अशा कामाला चालणारा एक स्फटिक म्हणजे डिस्प्रोशियम या धातूचा अंश मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट. क्ष-किरण विभागातले कर्मचारी छातीवर लावतात त्या बॅजमध्येही हेच असतं. किरण लागले की त्यातले इलेक्ट्रॉन उडतात आणि स्फटिकातल्या खाचांत अडकून बसतात. आठवडे उलटले तरी बरेचसे तिथेच राहतात. प्रयोगशाळेत ही पावडर तापवतात, तसे ते सुटतात आणि सुटताना उजेड टाकतात. जेवढा डोस, तेवढा उजेड. शेक दिला की लाईट येते, असं भूम-परंड्याच्या भाषेत त्याचं वर्णन करता येईल. रुग्णालयाने सांगितलेले २ ग्रे आणि उजेडावरून निघालेले ग्रे पाच टक्क्यांच्या आत जुळले तर ठीक. नाही जुळले तर दुसरी कुपी, आणि चूक सापडेपर्यंत चौकशी.

तीन दशांश मिनिट

भारतातल्या लहान शहरांत किरणोपचार पोचवला तो मुख्यतः कोबाल्ट मशीनने. त्यातला कोबाल्ट-६० राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांत तयार होतो. भाभा केंद्राने ‘भाभाट्रॉन’ नावाचं देशी मशीनही बनवलं. त्यातलं पहिलं नवी मुंबईत खारघरच्या टाटा केंद्रात बसलं. कोबाल्टचा फायदा हा, की वीज गेली तरी तो चालूच. तोटाही तोच. तो सतत झिजतो. ५.२७ वर्षांत निम्मा होतो, म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का. तेवढीच वेळ दर महिन्याला वाढवावी लागते. आतून डोस देण्यासाठी वापरला जाणारा इरिडियम-१९२ त्याहून घाईचा, तो दिवसाला जवळपास एक टक्का उतरतो. सोमवारचा आकडा शनिवारी चालत नाही.

हा सोपा हिशेब चुकला की काय होतं, याची उदाहरणं जगात आहेत. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबस इथे १९७४ ते १९७६ दरम्यान कोबाल्टची झीज चुकीच्या आलेख-कागदावर रेष लांबवून काढली गेली. कागदावरचा कोबाल्ट खऱ्यापेक्षा भराभर झिजत होता. महिन्यागणिक चूक वाढत गेली आणि चारशेहून अधिक रुग्णांना जास्त डोस मिळाला. मधल्या काळात कुणी टाकी भरून मोजलं असतं तर पहिल्याच वेळी लक्षात आलं असतं. इंग्लंडमधल्या एक्सेटर इथे १९८८ मध्ये नवा कोबाल्ट बसवताना मोजणीचा वेळ चुकीचा धरला गेला आणि दोनशेहून अधिक रुग्णांना पंचवीस टक्के जास्त डोस गेला.

सगळ्यांत लहान चूक कोस्टारिकाची. सान होसे शहरात ऑगस्ट १९९६ मध्ये मशीनचा स्रोत बदलला. मोजणीत वेळ होता ०.३ मिनिट, म्हणजे अठरा सेकंद. हिशेब करताना तो वाचला गेला तीस सेकंद असा. तीस सेकंदांत एवढाच डोस पडतो असं समजून नव्या स्रोताची ताकद फार कमी धरली गेली आणि उपचाराची वेळ दीडपटीहून जास्त झाली. ११५ रुग्ण त्यात सापडले, काही त्यातच गेले. दशांश चिन्हानंतरच्या ३ ला मिनिटाऐवजी सेकंदाच्या घरात बसवलं, चूक फक्त तेवढीच.

यंत्र नवं असलं की चुकाही नव्या. मोठ्या शहरांत आता लिनॅक मशीनं आली आहेत. ती विजेवर चालतात, हवा तेव्हा किरण सुरू आणि बंद करतात, आणि मेंदूतल्या गाठीवर मटारच्या दाण्याएवढा झोतही टाकू शकतात. फ्रान्समधल्या तुलूझ इथे २००६-०७ मध्ये अशा बारीक झोतांची मोजणी त्या कामाला मोठ्या पडणाऱ्या चेंबरने झाली. झोत लहान, चेंबर रुंद. चेंबरचा काही भाग झोताच्या बाहेरच राहिला, सरासरी कमी आली आणि १४५ रुग्णांना ठरल्यापेक्षा जास्त डोस मिळाला. वरून पाहिलेली पाण्याची रेष, बातमीतला हवेचा दाब आणि मटाराच्या आकाराचा झोत, या सगळ्यांत प्रश्न तोच असतो: जे मोजतोय ते खरंच मोजायचं तेच आहे का?

हे काम डॉक्टरचं नसतं आणि तंत्रज्ञाचंही नसतं. ते भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाचं, मेडिकल फिजिसिस्टचं. भाभा केंद्रात त्यासाठीचा पदविका अभ्यासक्रम १९६२ पासून चालतो आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार असा माणूस नसेल तर किरणोपचार केंद्र चालवता येत नाही. रुग्ण त्याला बहुधा पाहतच नाही. तो सकाळी रुग्ण यायच्या आधी मशीनचा आकडा तपासतो आणि संध्याकाळी टाकी भरतो. रुग्णालयात त्याच्या हाताचं एकच काम सगळ्यांना दिसतं, भिंतीवर लावलेला या महिन्याचा वेळेचा तक्ता.

तो तक्ता रुग्णांच्या ध्यानातही येतो. एखाद्या कोबाल्ट मशीनला पाच-साडेपाच वर्षं झाली की दर सत्राला दुप्पट वेळ लागतो. कुणी बाई टेबलावरून उतरताना तक्रार करते, ‘आमच्या जावंला ह्याच मशीनवर शेक दिला तवा मिनिटात हुयाचं. माझ्या वक्ताला दोन मिन्टं लागत्यात. माझा आजार जास्त हाय का?’ तंत्रज्ञ पदर सारखा करायला हात देतो. ‘नाही मावशी, मशीन म्हातारं झालंय. जावेला जेवढा दिला, तेवढाच तुम्हालाही.’